खाणीतले नाते कुठवर पोचते?

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला, लाल मातीच्या कोरड्या माळावर ब्रोकन हिल नावाचे शहर आहे. राज्याची राजधानी सिडनी तिथून ११०० किलोमीटरहून दूर, शेजारच्या राज्यातले अ‍ॅडलेड सुमारे ५०० किलोमीटरवर. म्हणून शहराची घड्याळे आजही अ‍ॅडलेडची वेळ पाळतात. १९१३ च्या डिसेंबरात इथल्या स्टर्ट पार्कमध्ये एक स्मारक उभे राहिले. वरून मोडलेला एक स्तंभ, आणि तो कोणासाठी, तर टायटॅनिक बुडत असताना अखेरपर्यंत वाजवत राहिलेल्या वादकांसाठी. त्या आठ जणांपैकी एकही ब्रोकन हिलचा नव्हता. ज्या महासागरात ते बुडाले तो पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला. पण गावातल्या बँडवाल्यांनी पुढाकार घेतला आणि पिण्याच्या पाण्यासाठी तरसणाऱ्या या गावाने समुद्रात बुडालेल्या परक्यांसाठी दगड उभा केला.

त्यानंतर जेमतेम वर्षभराने, १ जानेवारी १९१५ रोजी, याच गावाच्या वेशीवर राहणाऱ्या दोन माणसांनी सहलीला निघालेल्या आगगाडीवर गोळ्या झाडल्या. दोघेही तिथलेच रहिवासी. गाव त्यांना ओळखत होते, निदान त्यांची तोंडे तरी ओळखत होते.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. धर्माचे आणि नीतीचे विचारवंत तो वेगवेगळ्या भाषांत विचारत आले आहेत. माणसाला माणसाशी बांधणारे बळ येते कुठून, आणि ते कुठवर पुरते? ब्रोकन हिलने या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर जगातल्या फार थोड्या गावांनी दिले असेल इतक्या ठामपणे दिले. दुसऱ्या भागापाशी मात्र हे गाव पुन्हा पुन्हा अडखळले, आणि क्वचित कधी थक्क व्हावे असे वागले.

१८८३ च्या सप्टेंबरात माउंट गिप्स नावाच्या मेंढपाळीच्या विस्तीर्ण जमिनीवर कुंपणांची देखरेख करणाऱ्या चार्ल्स रास्प या घोडेस्वाराने एका मोडक्या-तोडक्या काळसर टेकडीवर हक्काच्या खुंट्या ठोकल्या. त्याला वाटले कथील सापडले. त्याच जमिनीवर काम करणाऱ्या सात जणांनी प्रत्येकी ७० पौंड घालून भागीदारी केली. निघाले ते चांदी, शिसे आणि जस्त, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. १८८५ मध्ये ब्रोकन हिल प्रोप्रायटरी ही कंपनी स्थापन झाली. आज बीएचपी या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाणारी ती हीच. कंपनीने १९३९ मध्ये गाव सोडले. ज्या टेकडीवरून गावाला नाव पडले ती टेकडी खणून खणून संपली. गाव राहिले. रस्त्यांची नावेही जमिनीतून उपसल्यासारखी आहेत: अर्जंट, ऑक्साइड, सल्फाइड, ब्रोमाइड, कोबाल्ट, वुल्फ्रम.

सुरुवातीची वर्षे भयंकर होती. पाणी नाही, गटारे नाहीत, टायफॉइडच्या साथी. झाडे होती तेवढी खाणीतल्या टेकूंसाठी आणि भट्ट्यांसाठी तुटली. वितळभट्ट्यांच्या धुराने शिशाची विषबाधा इतकी पसरली की १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले. जमिनीखाली तर मरण हजर होतेच. दरड कोसळणे, खोल शाफ्टमध्ये पडणे, सुरुंग अवेळी फुटणे, आणि सर्वांत संथ म्हणजे दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होणे. आज शहराच्या मधोमध, खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडांच्या डोंगरावर खाणकामगारांचे स्मारक आहे. त्यावर आठशेहून अधिक नावे आहेत, आणि प्रत्येकासमोर तो कशाने गेला तेही कोरले आहे. स्मारकांवर सहसा फक्त नाव आणि वर्ष लिहितात. इथे कारणही लिहिले, कारण या लोकांच्या लेखी मरण ही नुसती दैवाची गोष्ट नव्हती. त्याला कारण होते आणि कारणाला जबाबदार कोणी तरी होते.

या जाणिवेतून जे उभे राहिले त्याला नुसती कामगार चळवळ म्हणणे अपुरे वाटते. १८९२ चा संप मोडला, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले. १९०९ मध्ये टॉम मान या इंग्लंडहून आलेल्या पुढाऱ्याला अटक झाली आणि न्यू साउथ वेल्समध्ये भाषण करायचे नाही या अटीवर तो जामिनावर सुटला. तेव्हा कामगार खास गाड्या करून राज्याच्या सीमेपलीकडे कॉकबर्न या ठाण्यावर गेले आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर त्यांनी त्याचे भाषण ऐकले. आणखी एक मोठा संप १९१९ च्या मे महिन्यात सुरू झाला आणि अठरा महिने चालला. अठरा महिने पगार नाही. संघटनेच्या कुपनांवर वाण्याकडून जे मिळेल ते खायचे, आणि घरातल्या बाईने ते पुरवायचे. संपाच्या काळातच हजारो कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली आणि किती जणांच्या छातीत धूळ बसली आहे ते सरकारी कागदावर आले. शेवटी आठवड्याला ३५ तासांचे काम मान्य झाले. छातीच्या आणि शिशाच्या आजारांनी निकामी झालेल्यांसाठी नुकसानभरपाईचा खास कायदा झाला. जगातले बहुतेक कामगार तेव्हा ४८ तासांसाठी झगडत होते.

१९२० च्या दशकात सगळ्या संघटनांची मिळून बॅरियर इंडस्ट्रियल कौन्सिल उभी राहिली आणि पुढची पाच-सहा दशके गावाचा खरा कारभार तिच्या हाती होता. कामगारांच्या मालकीचे दैनिक होते, बॅरियर डेली ट्रुथ. शिशाचा भाव वाढला की प्रत्येक कामगाराला ‘लेड बोनस’ मिळे. जादा भाव घेणाऱ्या दुकानदारावर बहिष्कार पडे. खाणीत जो उतरला तो संघटनेचा असलाच पाहिजे. दीक्षा, शिस्त, बहिष्कार, वार्षिक मिरवणूक, हुतात्म्यांचे स्मरण, मृताच्या घरची जबाबदारी, धर्माची म्हणून जी बाह्यांगे आपण मोजतो ती बहुतेक सगळी इथे होती. शहरात चर्चे मुबलक होती. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी मेथडिस्ट पंथ आणला, आयरिश लोकांनी कॅथलिक. पण या सगळ्यांवर पसरलेले छत्र संघटनेचे होते.

एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाला हे पाहून आश्चर्य वाटले नसते. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मावरच्या आपल्या ग्रंथात त्याने मांडले की धर्म म्हणजे मुळात एका नैतिक समूहाला बांधून ठेवणाऱ्या श्रद्धा आणि आचार. देव असो वा नसो, पवित्र मानली जाते ती वस्तू समूहाच्या स्वतःच्याच बळाचे रूप असते. गंमत नव्हे, विचार करण्याजोगी गोष्ट ही की या सिद्धान्तासाठी त्याने आधार घेतला तो मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या विधींचा. तिथे तो कधी गेला नाही, इतरांची वर्णने वाचून त्याने लिहिले. त्याच खंडाच्या अंतर्भागात, त्याच वर्षांत, युरोपातून आलेल्या माणसांचे एक गाव त्याच्या म्हणण्याची साक्ष देत जगत होते, आणि त्याकडे मात्र धर्म म्हणून कोणी पाहत नव्हते.

पण दुर्खेमच्या चित्रात एक जागा मोकळी राहते. समूहाच्या बाहेरच्याचे काय? ते विचारायला ब्रोकन हिलमध्ये लांब जावे लागत नाही. गावाच्या उत्तर वेशीवर गेले की पुरते.

रेल्वे येण्याआधी आणि आल्यावरही, या कोरड्या मुलखात सामान पोचवले ते उंटांनी. १८६० च्या दशकापासून उंट आणि उंटवाले जहाजांनी ऑस्ट्रेलियात येऊ लागले, बरेचसे कराचीहून. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते. म्हणजे ज्या सरकारच्या कचेऱ्या पुण्या-मुंबईत होत्या त्याच सरकारच्या बंदरातून ही माणसे निघाली. ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना एकच नाव दिले, अफगाण. त्यांत पठाण होते, बलुच होते, पंजाबी आणि सिंधी होते. बहुसंख्य मुसलमान, काही हिंदू आणि शीख. १९०१ नंतरच्या ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या धोरणात त्यांना नागरिकत्व मिळेना. बायकांना मायदेशाहून आणता येईना. काहींनी आदिवासी स्त्रियांशी संसार मांडले. गोऱ्या गाडीवानांच्या संघटना त्यांना स्पर्धक मानत. गावाला लागणारे पीठ, साखर, अवजारे यांच्या पाठीवरून येत, आणि वस्ती मात्र गावाबाहेर, ‘कॅमल कॅम्प’मध्ये.

त्या वस्तीत त्यांनी पन्हळी पत्र्याची मशीद बांधली. अगदी लहान. वजू करण्यासाठी पाण्याची पन्हळ, आत नमाजाची खोली, मक्केकडे तोंड. खाणगावात सगळेच पत्र्याचे असते, देवाचे घरही त्याला अपवाद नाही.

मुल्ला अब्दुल्ला हा साठीच्या आसपासचा माणूस तिथला इमाम होता आणि आपल्या लोकांसाठी हलाल पद्धतीने बकरे कापणारा खाटीकही. परवाना नसलेल्या जागी मेंढी कापली म्हणून स्वच्छता निरीक्षकाने त्याच्यावर खटला भरला होता आणि हल्ल्याच्या काही दिवस आधीच तो दोषी ठरला होता. नियम सार्वजनिक आरोग्याचा होता, आणि टायफॉइड पाहिलेल्या गावाने असा नियम करणे गैर नव्हते. पण ज्या माणसाची धर्माज्ञा आणि रोजी एकाच कृतीत होती त्याच्यासाठी दुसरी वाट कोणती, हा विचार करायला त्या व्यवस्थेत कोणीही नव्हते. संघटना त्याची नव्हती. दुसरा गुल महंमद, वायव्य सरहद्दीचा आफ्रिदी. एके काळी उंटवाला, नंतर खाणीत मजूर आणि शेवटी हातगाडीवर आइस्क्रीम विकणारा. तुर्कस्तानच्या सुलतानाने नोव्हेंबर १९१४ मध्ये खलिफा म्हणून जिहाद पुकारला होता. गुलने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत सुलतानाशी निष्ठा होती, अब्दुल्लाच्या चिठ्ठीत निरीक्षकाबद्दलचा राग.

नववर्षाच्या सकाळी सिल्व्हरटनला सहलीसाठी निघालेल्या गाडीत सुमारे १२०० माणसे होती, बायका-मुलांसह, खनिज वाहायच्या उघड्या डब्यांत बाके टाकून बसलेली. आइस्क्रीमची गाडी रुळांजवळ उभी, तिच्यावर तुर्की झेंडा. गोळीबारात आणि पाठलागात चार निरपराध माणसे मेली, त्यांत एक सतरा वर्षांची मुलगी. दोघे हल्लेखोरही मारले गेले. या कृत्याला कोणत्याही अपमानाचे समर्थन पुरत नाही, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. मुलांच्या सहलीवर गोळ्या झाडणाऱ्याने आपल्या तक्रारीचा न्याय्य भागही मातीत घातला.

त्या सहलीचे यजमान कोण होते ते मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. मँचेस्टर युनिटी ऑफ ऑडफेलोज ही बंधुसभा. सभासदांनी दर आठवड्याला थोडे पैसे टाकायचे, आणि कोणी आजारी पडला तर त्याला भत्ता, मेला तर अंत्यविधीचा खर्च आणि विधवेला आधार. ‘तुझे दुःख ते माझे दुःख’ हे तत्त्व हिशेबाच्या वहीत उतरवणारी ही संस्था. दोन्ही बाजूंना बंधुत्व होते. एका बाजूला सभासदांचे, दुसऱ्या बाजूला उम्मतीचे, म्हणजे साऱ्या मुसलमानांच्या समुदायाचे. मधल्या पट्ट्यात मात्र काहीच नव्हते.

त्या रात्री जमाव निघाला आणि त्याने जर्मन क्लब जाळला. हल्लेखोर जर्मन नव्हते, पण युद्ध जर्मनीशी चालू होते. जमाव कॅमल कॅम्पकडेही वळला. तिथे पोलीस आणि सैनिक आडवे उभे राहिले म्हणून वस्ती वाचली. खाणींनी शत्रुराष्ट्रांचे म्हणून कामगार काढून टाकले. म्हणजे काल ज्याच्याबरोबर खाणीच्या एकाच पाळण्यातून खाली उतरलो तो आज परका झाला. जमिनीखाली जोडलेले नाते जमिनीवर आल्यावर एका रात्रीत तुटू शकते, हे या गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

आंरी बर्गसाँ या तत्त्ववेत्त्याने १९३२ मध्ये नीती आणि धर्म यांच्या दोन उगमांवर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की नीती दोन जातींची असते. एक बंदिस्त: कुटुंब, टोळी, राष्ट्र यांना एकत्र ठेवणारी, आणि म्हणूनच बाहेरच्याविरुद्ध सज्ज असणारी. दुसरी खुली, जिला वेस नाही. आपल्याला वाटते की पहिली वाढत वाढत दुसरी होते, घरावर प्रेम करणारा गावावर करील, मग देशावर, मग मानवतेवर. बर्गसाँ ठामपणे नाही म्हणतो. तिथे नुसते वर्तुळ मोठे होत नाही. वृत्तीच पालटावी लागते, आणि ती एखाद्या माणसाच्या वागण्यातून इतरांना ओढ लावते.

ब्रोकन हिल हे या विधानाची कसोटी घेण्यासाठी विलक्षण योग्य स्थळ आहे. टायटॅनिकच्या वादकांसाठी गाव रडले, कॅम्पमधल्या माणसाशी बोलले नाही. दूरच्या परक्यावर प्रेम करणे सोपे असते, तो काही मागत नाही. अंतर मोजून करुणा वाढत नाही, एवढे तरी यातून दिसते.

आणि मग पर्सी ब्रुकफील्ड दिसतो. इंग्लंडमध्ये जन्मलेला, खलाशी म्हणून भटकलेला, ब्रोकन हिलला येऊन खाणकामगार झालेला. १९१५ मध्ये ‘तुर्कां’वर चवताळलेले हेच गाव वर्ष-दीड वर्षात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध देशात सर्वांत कडवे झाले, आणि त्यात ब्रुकफील्ड आघाडीवर होता. त्यासाठी तुरुंगात गेला. १९१७ मध्ये विधानसभेवर निवडून आला. पुढे सभागृहात त्याचे एक मत निर्णायक ठरले तेव्हा त्याने ते तुरुंगात खितपत पडलेल्या क्रांतिकारी कामगारांच्या सुटकेसाठी आणि संपकऱ्यांसाठी वापरले. तो काही संत नव्हता. कडवा पक्षपाती होता, त्याच्या भाषणांनी माणसे भडकत. पण १९२१ च्या मार्चमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रिव्हर्टन स्टेशनवर, गाडी थांबलेली असताना, एक बेभान माणूस प्रवाशांवर गोळ्या झाडू लागला. ब्रुकफील्ड त्याच्यावर धावून गेला, पिस्तूल हिसकावण्याच्या झटापटीत गोळ्या लागल्या आणि त्याच दिवशी तो मेला. ज्यांना त्याने वाचवले ते त्याच्या संघटनेचे नव्हते, त्याच्या मतदारसंघातले असावेत अशीही अट नव्हती. स्टेशनवरची कोणतीही माणसे. गावाने त्याला आणून आपल्या स्मशानभूमीत पुरले आणि त्याच्यासाठी मोठे स्मारक बांधले.

सहा वर्षांच्या अंतराने दोन गाड्या, दोन गोळीबार. दुसऱ्या वेळी जो पुढे धावला तो याच गावाच्या बंदिस्त नीतीत घडलेला होता. मग बर्गसाँ चुकला का? पूर्णपणे नाही. संघटनेने ब्रुकफील्डला धैर्य दिले, जिवावर उदार होण्याची सवय दिली. ते धैर्य कोणासाठी वापरायचे याची सीमा मात्र त्या क्षणी त्याने स्वतः पुसली. बंदिस्त नीतीतून खुली नीती आपोआप उगवत नाही. पण पहिलीच्या तालमीशिवाय दुसरीला लागणारे बळ क्वचित मिळते.

या तालमीची किंमत कोणी चुकवली, हेही पाहिले पाहिजे. कौन्सिलच्या नियमांनुसार खाणीतली नोकरी मुख्यतः गावात जन्मलेल्या-वाढलेल्यांना मिळे. बाहेरचा माणूस वर्षानुवर्षे वाट पाही. लग्न झालेल्या बाईने नोकरी सोडायची, हा दंडक तर १९३० च्या दशकापासून १९८० च्या आसपासपर्यंत टिकला. त्यामागचा तर्क दुष्ट नव्हता. नोकऱ्या मोजक्या, प्रत्येक घरी एक पगार पोचला पाहिजे, अविवाहित मुलींनाही गावात काम मिळाले पाहिजे. वाटणी न्याय्य व्हावी म्हणून केलेला हा नियम. पण ज्या बायकांनी अठरा महिने कुपनांवर चूल पेटती ठेवली त्यांच्या मुली-नातींना लग्नाच्या दिवशी दुकानाच्या नोकरीवर पाणी सोडावे लागले, आणि हे ठरवताना त्यांचे मत विचारले गेले नाही. न्यायाची वाटणी करणाऱ्यांत कोण बसले आहे, यावर न्यायाचा आकार ठरतो. संघटनेला मालकांबद्दल हे पक्के ठाऊक होते. स्वतःबद्दल ते कळायला तिला अर्धे शतक लागले.

उंटांचा धंदा १९२० च्या दशकात मोटार ट्रकांनी संपवला. उंटवाले म्हातारे होत गेले, काही परतले, काही इथेच पुरले गेले. मशीद ओस पडली. तशीच गोष्ट वुल्फ्रम स्ट्रीटवरच्या सिनेगॉगची. १९१० मध्ये पाया घातला, १९६२ मध्ये बंद झाले. ज्यू कुटुंबे मोठ्या शहरांकडे गेली आणि तोराच्या गुंडाळ्या मेलबर्नला नेल्या गेल्या. आज या दोन्ही वास्तू नीट उभ्या आहेत, आणि दोन्हींची राखण करते ब्रोकन हिलची हिस्टॉरिकल सोसायटी. १९६० च्या दशकात तिने मशीद दुरुस्त केली. पुढे घर म्हणून वापरलेले सिनेगॉग विकत घेऊन त्याचे संग्रहालय केले. मुसलमान नसलेल्या, ज्यू नसलेल्या माणसांनी, बऱ्याचशा पेन्शनरांनी, स्वतःचा वेळ देऊन पत्रे रंगवले, कुलपे उघडली-लावली, आलेल्याला हकिकत सांगितली.

उपासक नसलेले उपासनागृह पवित्र असते का, हा प्रश्न धर्मशास्त्री आपापल्या परीने सोडवतील. पण दुसऱ्याची श्रद्धा स्वतःला न पटताही तिची वास्तू ठेव म्हणून सांभाळणे, हे धर्माच्या गाभ्याजवळचे कृत्य आहे, यात शंका नाही. तरीही एक टोचणी उरतेच. रिकामी मशीद सांभाळणे भरलेल्या मशिदीशी शेजारधर्म पाळण्याहून सोपे आहे. अब्दुल्ला जिवंत असताना त्याच्या पागोट्यावर पोरे दगड मारीत, अशी नोंद आहे. त्याच्या इमारतीला मान मिळाला तो तिथली माणसे गेल्यावर.

राखणीचे आणखी एक रूप या गावाने जगाला दाखवले, आणि त्यात मशिदीसारखा उशीर नव्हता. झाडे तुटल्यावर, मेंढ्या, बकऱ्या आणि सशांनी उरलेसुरले खाल्ल्यावर, वाळूची वादळे कुंपणे गाडू लागली, घरांत शिरू लागली. खाणीत धातुपरीक्षक म्हणून काम करणारा अल्बर्ट मॉरिस फावल्या वेळात वनस्पतींचा अभ्यास करी. तो आणि त्याची पत्नी मार्गारेट क्वेकर पंथाची. या पंथाच्या सभेत पुष्कळ वेळ माणसे नुसती शांत बसतात. मॉरिसने जे सुचवले त्यातही तशीच शांतता होती: जमिनीला कुंपण घाला, जनावरे आणि ससे बाहेर ठेवा, आणि थांबा. परदेशी झाडे आणून लावण्यापेक्षा मातीत दबलेल्या देशी बियांना संधी द्या. अनेकांना ते खुळेपण वाटले. १९३६ मध्ये झिंक कॉर्पोरेशन या खाण कंपनीने त्याचे ऐकले. पाऊस आला आणि कुंपणाच्या आत खुरटी झुडपे, गवते, सॉल्टबुश उगवून आली. बाहेर तीच उघडी वाळू. १९३९ च्या जानेवारीत मॉरिस गेला. हिरवा पट्टा मार्गारेटने आणि इतरांनी पुढे नेला आणि आज तो शहराभोवती उभा आहे.

हे काम खाणीच्या नीतीच्या उलट्या दिशेचे आहे. खाणीतले नाते धोक्यातून येते: तुझ्यावर दरड कोसळली तर माझ्यावरही कोसळेल. झुडपावर कोसळणारे काही माझ्यावर कोसळत नाही. त्याच्यासाठी हात आवरायचा तर परतफेडीची अपेक्षा सोडूनच आवरावा लागतो. धोका वाटून घेण्यातून येणारी नीती मोलाची आहे, पण तिची वेस धोक्याच्या वेशीशी संपते. त्यापलीकडे जायचे तर ज्याचे दुःख आपल्यापर्यंत येणार नाही त्याच्याकडे मुद्दाम पाहावे लागते. मॉरिसने तसे जमिनीकडे पाहिले.

त्या जमिनीकडे फार आधीपासून पाहणारे लोक होते. हा विल्याकाली लोकांचा मुलूख, बारकिंजी भाषासमूहातला. जखमी झालेल्या एका कबुतराच्या प्रवासातून इथल्या भूमीतली खनिजे घडली, अशी कथा या प्रदेशातल्या आदिवासी परंपरेत सांगतात. खनिजाला किंमत म्हणून नव्हे तर जखम म्हणून ओळखणारी ही दृष्टी. शंभर वर्षे खाणीच्या कोणत्याच कराराला, मालकांच्या वा कामगारांच्या, तिची दखल घ्यावी असे वाटले नाही. २०१५ च्या जानेवारीत ब्रोकन हिल हे राष्ट्रीय वारसा यादीत आलेले ऑस्ट्रेलियातले पहिले अख्खे शहर ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय न्यायालयाने १८ वर्षे चाललेल्या दाव्यात बारकिंजी आणि मल्यानगापा लोकांचा सुमारे १,२८,००० चौरस किलोमीटर प्रदेशातला पारंपरिक हक्क मान्य केला. जिथे पूर्वीच खासगी मालकी दिली गेली होती तिथे कायद्याने हा हक्क संपलेला मानतात, त्यामुळे शहरातल्या बहुतेक जमिनीपर्यंत तो पोचत नाही.

धूळ मात्र सगळ्यांपर्यंत पोचते. १९२० चा भरपाईचा कायदा खाणीत उतरणाऱ्या पुरुषांसाठी होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या लहान मुलांचे रक्त तपासले, तेव्हा पाच वर्षांखालच्या बहुसंख्य मुलांमध्ये शिशाचे प्रमाण तेव्हाच्या सुरक्षित मर्यादेहून अधिक निघाले. ही मुले कधी खाणीत उतरली नव्हती. रांगताना अंगणातली माती हाताला लागत होती आणि हात तोंडात जात होता. तेव्हापासून बाळांची नियमित तपासणी होते, घरे आणि अंगणे साफ केली जातात, उघडी माती झाकली जाते, आयांना ओल्या फडक्याने पुसायला आणि मुलांचे हात वरचेवर धुवायला शिकवले जाते. आकडे पुष्कळ खाली आले. आदिवासी मुलांचे आकडे इतर मुलांपेक्षा अजूनही वर आहेत.